छापण्याआधीचं पान

७ जानेवारी

ही डायरी मुलीनं गेल्या वर्षी दिली होती, म्हणजे यातले छापील वार यंदा सगळे चुकीचे. प्रत्येक पानावरचा वार खोडून बरोबर वार लिहिण्यात सुट्टीची सकाळ गेली. आता सुरुवात करायला हरकत नाही.

लिहायचं कारण एवढंच, की प्रेसमधून घरी आल्यावर दिवसभरात काय झालं ते सांगायला घरात कोणी नाही. ही मुलीकडे गेली आहे, बाळंतपणासाठी. तीन महिन्यांसाठी म्हणून गेली, आता पाचवा लागला. बाळ गुटगुटीत आहे, मुलगी हिंडतीफिरती झाली, जावई समजूतदार आहे. मग तिथे एवढं काय अडलंय, कळत नाही. जाताना शिलाई मशीन घेऊन गेली. दुपटी शिवायला असेल, पण दुपटी हातानंही शिवता येतात. दोन्ही चष्मे नेले. भर उकाड्यात गेली आणि लोकरीची शाल बांधून घेतली. मी स्टेशनवर म्हणालोसुद्धा, "अगं, तीन महिन्यांना एवढं सामान?" ती पिशव्या मोजत राहिली. हिला आटोपशीर सामान बांधता येत नाही, हे मी पहिल्यापासून सांगत आलोय.

माझी लाल पेन्सिल सापडत नाही. झिजून बोटभर उरली होती, पण हाताला बसलेली. ड्रॉवर तीनदा उपसला.

(वर "एवढं" तीनदा आलंय. एक पुरे होतं.)

११ जानेवारी

प्रेसमध्ये आज यंत्र आलं. दोन हमालांनी जिन्यावरून आणलं आणि त्यांच्यामागून "सांभाळून, सांभाळून" करत येणारे मालक स्वतःच पायरी चुकले. मोठा काचेचा पडदा आणि त्याच्यापुढे टाइपरायटरसारख्या कळा. याला टर्मिनल म्हणतात. खरा कॉम्प्युटर शेजारच्या खोलीत कपाटाएवढा बसलाय. हे टर्मिनल जिथे ठेवलं तिथे परवापर्यंत माझी खिळ्यांची पेटी होती. एकतीस वर्षं मी तिथे उभा राहून शिशाचं एकेक अक्षर उचललं आणि ओळी जुळवल्या. म्हणून प्रेसमध्ये मला खिळेमास्तर म्हणतात. आता खिळे भंगारात गेले आणि मास्तर तेवढा उरला.

यंत्राबरोबर एक इंजिनीअरबाई आल्या आहेत. वयानं आमच्या मुलीपेक्षा लहान असतील. बोलतात भराभर, आणि बोलताना चहा थंड करतात. मला समोर बसवून त्यांनी समजावलं. मजकूर टाइप करायचा. त्यात जागोजागी खुणा घालायच्या, की हे शीर्षक, हा अपूर्णांक, इथे परिच्छेद. मग यंत्र स्वतः ओळी जुळवतं, आणि पान छापल्यावर कसं दिसेल ते पडद्यावर दाखवतं.

"छापायच्या आधी?" मी विचारलं.

"छापायच्या आधी."

"मग प्रूफ?"

"हेच प्रूफ, काका."

"हातात धरता येत नाही ते प्रूफ कसलं?"

"धरा की. फक्त नंतर काच पुसून ठेवा."

पहिलंच काम गणिताच्या पाठ्यपुस्तकाचं आहे. त्यांनी नमुन्याचं पान काढलं. आधी पडदा कोरा होता. मग वरून खाली हळूहळू पान उमटत आलं, कोणी पडदा सरकवत असल्यासारखं. त्यात वर्गमुळाच्या पोटात अपूर्णांक आणि त्या अपूर्णांकाच्या पोटात आणखी एक. असलं एक पान खिळ्यांत बसवायला मला अख्खा दिवस लागायचा आणि संध्याकाळी पाठीचा काटा ढिला व्हायचा. इथे चहा संपायच्या आत झालं. खोटं का बोलू, मला आनंद झाला. वाटेत तर मी स्वतःशीच हसत होतो, घरी गेल्या गेल्या हिला काय काय सांगायचं ते ठरवत. दाराचं कुलूप दिसलं तेव्हा लक्षात आलं.

१६ जानेवारी

संध्याकाळ जात नाही. सहा ते आठ ही आमची वाचनाची वेळ.

प्रूफ तपासायला दोन माणसं लागतात. एकानं हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं छापील मजकुरावर नजर ठेवायची. प्रेसमधला वाचक कायम पेंगायचा, म्हणून मी प्रूफं घरी आणायचो आणि ही वाचायची. सगळं वाचायचं, स्वल्पविरामसुद्धा. "राजा म्हणाला स्वल्पविराम अवतरणचिन्ह सुरू मी येतो पूर्णविराम अवतरणचिन्ह पूर्ण." सव्वीस वर्षं वाचलं तिनं. कायदा वाचला, पशुवैद्यकी वाचली, पुलांच्या बांधकामावरचा दोन खंडांतला ग्रंथ वाचला. एकदा वाचता वाचता "अरे देवा, दूध" असं म्हणून उठली आणि मी "अरे देवा, दूध" पुलाच्या पायात शोधत बसलो.

आता वाचायला कोणी लागत नाही. पडद्यावर जे आहे तेच कागदावर येणार. इंजिनीअरबाई म्हणतात, केवढा वेळ वाचला बघा. वाचला खरा. त्या वाचलेल्या वेळात मी खिडकीत बसून समोरच्या इमारतीचे जिने मोजतो. तिचा "पूर्णविराम" म्हणतानाचा आवाज खाली उतरायचा, दमून खुर्चीत बसल्यासारखा. तो फार ऐकावासा वाटतो.

२३ जानेवारी

हिचं पत्र आलं! तीन पानी. दारातच उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, मग जेवताना.

बाळ पालथं पडायला लागलं. मुलीकडची खिडकी पूर्वेची आहे, सकाळी ऊन थेट गादीवर येतं. शेजारणींचे कपडे शिवून देते, दिवस जातो. पुढे लिहिते, "इथे सकाळी उठलं की कोणी काही विचारत नाही, शांत वाटतं. काल वरच्या मजल्यावरची म्हणाली, तुमच्या हाताला चूक माहीतच नाही. मला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं." यात हसण्यासारखं काय होतं, ते काही मला कळलं नाही. कधी येणार ते लिहायला विसरली आहे.

पत्र मात्र घाईत लिहिलेलं. वाक्यं अर्धवट सोडलेली, समास नाही, एकाच पानावर शाई दोनदा बदललेली. सवयीनं हात गेला. लाल पेन्सिल नव्हती म्हणून लाल शाईनं केलं. एकूण एकोणीस दुरुस्त्या निघाल्या. वाईट वाटायला नको म्हणून शेवटी "एकंदरीत सुधारणा आहे" असा शेराही दिला. जेवण झाल्यावर पाकिटात घालून ठेवलं, उद्या प्रेसला जाताना टाकतो. पूर्वी ती अशी तपासलेली पत्रं पाहून म्हणायची, "काय बाई हौस!" तेवढंच तिला घरी असल्यासारखं वाटेल.

६ फेब्रुवारी

पत्र नाही. बाळाचं करण्यात वेळ मिळत नसेल.

आज इंजिनीअरबाईंना मी माझ्या खुणा शिकवल्या. त्यांनीच विचारलं, "काका, तुम्ही कागदावर हे काय काय काढत बसता?" मग शब्द काढून टाकायची शेपटीवाली खूण दाखवली, जागा सोडायची दाखवली, ओळ आत घ्यायची दाखवली. शेवटी ठिपके दाखवले. एखादा शब्द आपण खोडला आणि मग वाटलं, नाही, हा हवाच होता, तर खोडलेल्या शब्दाखाली ओळीनं ठिपके द्यायचे आणि समासात लिहायचं, "तसंच ठेवा". म्हणजे जुळवणाऱ्याला कळतं की खोडण्याकडे लक्ष द्यायचं नाही.

"आमच्याकडे एक कळ दाबली की खोडलेलं परत येतं," त्या म्हणाल्या.

"आमच्याकडे ठिपके द्यावे लागतात."

हिला सगळ्या खुणांत ही एकच आवडायची. म्हणायची, "तुमच्या धंद्यात दयामाया असलेली एवढी एकच खूण आहे." तिला बसल्या बसल्या असलं काहीतरी सुचायचं. ते मी इंजिनीअरबाईंना सांगितलं, तर त्या चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या, "काकू कधी येणार आहेत?" मी म्हटलं, येतील आता.

१३ फेब्रुवारी

यंत्राची चूक पकडली!

पडद्यावरची पानं मी रोज डोळ्यांत तेल घालून बघतो. इतके दिवस काहीतरी खटकत होतं, आज नेमकं सापडलं. शब्दांतली अक्षरं समान अंतरावर नाहीत. दोन अक्षरं एकमेकांच्या अंगावर रेललेली आणि तिसरं जरा लांब, रुसल्यासारखं. कॉम्प्युटरला असेल अक्कल, पण एकतीस वर्षांची नजर कुठून आणणार? इंजिनीअरबाई आठवडाभर रजेवर आहेत. तोवर आपणच निस्तरू म्हटलं. जिथे अक्षरं खेटलेली तिथे केसभर जागा घालायची खूण, जिथे लांब तिथे ओढून घ्यायची. मग पुन्हा पान पडद्यावर काढायचं, पुन्हा बघायचं. आज नऊ पानं झाली. एकेक ओळ अशी सरळ केली की बघत राहावं.

पत्र नाही.

२० फेब्रुवारी

आज माझी जी शोभा झाली ती कुठे लिहून ठेवू नये, पण ही डायरी आहे.

सत्तेचाळीस पानं मी सुधारली होती. मालकांनी काल ती कागदावर छापून घेतली, पुस्तकाच्या प्राध्यापकांना दाखवायला. छापलेली पानं मी आज बघितली. अक्षरं बोळक्यातल्या दातांसारखी झाली होती. जिथे मी जागा घातली तिथे भगदाड, जिथे ओढून घेतलं तिथे अक्षरावर अक्षर. मालकांनी आधी यंत्राला शिव्या घातल्या, मग यंत्र विकणाऱ्यांना, आणि मग त्यांना कळलं की हे मी केलंय. त्यांनी शिव्या नाही दिल्या. "मास्तर, तुम्ही?" एवढंच म्हणाले. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

इंजिनीअरबाईंनी मला खुर्चीत बसवलं आणि मी न सुधारलेलं एक पान कागदावर काढून पडद्याशेजारी धरलं. कागदावरचं पान निर्दोष होतं. खिळ्यांतही मी इतकं सुरेख बसवलं नसतं. पडद्यावर तेच पान वेडंवाकडं दिसत होतं.

"काका, पडद्यावर ठिपके थोडे असतात, कागदावर खूप. अक्षराची खरी जागा दोन ठिपक्यांच्या मध्ये पडली की पडदा त्याला जवळच्या ठिपक्यावर नेऊन बसवतो. म्हणून ते सरकलेलं दिसतं. सरकलेलं नसतं."

"मग तो दाखवतो कशाला?"

"त्याला जेवढं दिसतं तेवढं तो दाखवतो. पडद्यावर बघून चुकलेला आकडा शोधा, गळलेली ओळ शोधा. पण अक्षर वाकडं दिसलं म्हणून सरळ करायला जाऊ नका. ते मुळात सरळच आहे."

हे वाक्य लक्षात राहावं म्हणून इथे उतरवून ठेवलं.

२१, २२ फेब्रुवारी

घातलेल्या खुणा काढतोय. एकेक. त्या घालायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट काढायला लागतोय.

२७ फेब्रुवारी

दुपारी प्रेसच्या फोनवर मुलीचा फोन. मी म्हटलं, बाळ बरं आहे ना? म्हणाली, बाळ बरंय.

"बाबा, आईचं पत्र तुम्ही परत पाठवलंत?"

"हो, तपासून. पोचलं ना?"

"लाल शाईनं?"

"पेन्सिल हरवली गं माझी."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"बाबा, तिनं ते पत्र तीन दिवस लिहिलं होतं. बाळ झोपलं की बसायची. तुम्हाला कसं लिहावं ते सुचत नव्हतं तिला."

"मग त्यात एवढं सुचण्यासारखं काय? मी काय परका आहे?"

"तेच तर," मुलगी म्हणाली. मग हळूच म्हणाली, "ती इथे राहायचं म्हणतेय, बाबा. कायमचं. मी काही बोलले नाही तिला. तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं."

मालक समोर बसले होते, म्हणून मी "बरं, बरं" म्हणून फोन ठेवला. मग पुन्हा यंत्रापुढे जाऊन बसलो. पडद्यावर काय होतं ते आठवत नाही.

३ मार्च

चार दिवस झाले. जेवण जात नाही. घरातली तिची जागा बघवत नाही. शिलाई मशीन होतं त्या कोपऱ्यात मी पुस्तकांचे गठ्ठे ठेवले होते, ते आता टोचतात. मला तिची आठवण येते. इतकं साधं वाक्य लिहायला मला डायरीची साठ पानं लागली.

आज एक आठवलं. आम्ही या घरात राहायला आलो त्या दिवशी किल्ली जुन्या घरी विसरली होती आणि आम्ही दोघं रस्त्यात सामानावर बसून संध्याकाळपर्यंत केळी खाल्ली. ही गोष्ट ती पाहुण्यांना सांगायची आणि काय सांगायची! लोक पोट धरून हसायचे. सुरुवात व्हायची, "मंगळवार होता..." आणि मी म्हणायचो, "बुधवार." ती थांबायची, पुन्हा सुरू करायची. पुढे मी केळ्यांची संख्या दुरुस्त करायचो. एकदा ती म्हणाली, "तुम्हीच सांगा." मी सांगितली, सगळे तपशील बरोबर होते, कोणी हसलं नाही. नंतर नंतर ती पाहुण्यांसमोर फारशी बोलायचीच नाही. मला वाटायचं, वय झालं की माणूस शांत होतं.

आज प्रेसमधली जुनी हजेरीवही काढली. मी घर बदलायला रजा घेतली होती. तारीख बघितली, वार बघितला.

मंगळवारच होता.

वही मिटून जागेवर ठेवली. इंजिनीअरबाई म्हणाल्या ते वाक्य मी या डायरीत उतरवलंय. गेल्या महिन्यात मला वाटलं, ते अक्षरांबद्दल आहे.

९ मार्च

हिला पत्र लिहायचं ठरवलं. हातानं सुचेना, म्हणून दुपारच्या सुट्टीत यंत्रावर घेतलं. त्यात सोय आहे, पाठवण्याआधी बघता येतं. पहिल्यांदा पान काढलं तर समास अरुंद वाटला. दुसऱ्यांदा पहिल्या ओळीचा टाइप जड वाटला. सहाव्यांदा पान पडद्यावर आलं आणि ते इतकं नेटकं होतं, की लग्नपत्रिकेतही असं काम दिसत नाही. वर मध्यभागी, "तुझ्या परत येण्याबाबत." खाली तीन परिच्छेद, मुद्द्याला धरून.

मी हात धुवायला गेलो आणि पान पडद्यावर तसंच राहिलं. परत आलो तर इंजिनीअरबाई समोर उभ्या.

"काका, नोटीस कुणाला काढताय? कुणाला नोकरीवरून काढलं?"

मी हात पुसत राहिलो. त्यांनी पुन्हा वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "सॉरी, काका," म्हणाल्या. मग स्टूल ओढून बसल्या. "यात चूक एकही नाही," म्हणाल्या, "पण हे पत्र मला आलं असतं ना, तर मी सही करून पोच दिली असती."

मला हसू आलं आणि मग ते हसू राहिलं नाही. त्यांनी कळ दाबली, पडदा कोरा झाला, आणि माझ्यासाठी चहा सांगितला. या खेपेला त्यांनी स्वतःचाही गरम असताना प्यायला.

१२ मार्च

लिहिलं. साध्या कागदावर, साध्या पेनानं, स्वयंपाकघरात. किती खाडाखोड झाली! आयुष्यात मी असला कागद प्रेसमध्ये जाऊ दिला नसता.

काय लिहिलं ते इथे ठेवतो, विसरायला नको. मंगळवार होता हे लिहिलं. हजेरीवही बघितली हेही लिहिलं, मग वाटलं, हे तरी कशाला, तू म्हणत होतीस म्हणजे मंगळवारच, पण ते तसंच राहिलं. सत्तेचाळीस पानं मी सरळ करता करता वाकडी केली आणि मालक "मास्तर, तुम्ही?" म्हणाले, ते लिहिलं. तुझं पत्र चांगलं होतं, पूर्वेची खिडकी मला दिसली, असं लिहिलं. संध्याकाळी सहाला घर फार शांत असतं आणि मला तुझा पूर्णविराम ऐकू येत नाही, असं लिहिलं. शेवटी लिहिलं, "तू परत ये." मग ते मला हुकूम वाटला. आजवर सगळे हुकूमच सोडले. म्हणून त्यावर एक रेघ मारली आणि खाली लिहिलं, "तुला तिथे बरं वाटत असेल तर तिथेच राहा."

स्वच्छ प्रत काढायला दुसरा कागद घेतला होता. पहिली ओळ उतरवली आणि ठेवून दिला. खाडाखोडीचंच पत्र पाकिटात घातलं आणि हात मागे यायच्या आत जाऊन पेटीत टाकलं. पेटीत पडल्याचा आवाज आला. आता हे पान परत बघता येणार नाही.

२० मार्च

नाही.

२६ मार्च

नाही. पोस्टमन आता मला लांबूनच मान हलवून सांगतो. बरा माणूस आहे.

पुस्तक पुरं होत आलं. शेवटची पानं पडद्यावर बघितली. अक्षरं तशीच रेललेली, रुसलेली दिसतात. मी फक्त आकडे तपासतो. एका उत्तरात तीनच्या जागी आठ पडला होता, तो काढला. बाकी कशाला हात लावला नाही. आज कागदावर छापून आलं, मालकांनी पाठीवर थाप मारली. मला वाटलं होतं जास्त आनंद होईल.

५ एप्रिल

पत्र आलं. पाकिटावर तिचं अक्षर. उघडलं तर आत माझंच पत्र.

जिन्यातच बसलो. परत पाठवलं म्हणजे संपलं, असं वाटलं. मग घडी उघडली आणि समासात लाल दिसलं. लाल पेन्सिल. जाड, बोथट, एका बाजूनं तुटलेल्या टोकाची रेघ, मी ती कुठेही ओळखीन. माझीच पेन्सिल. सात महिने तिच्याकडे होती.

सगळं पत्र तपासलंय. दोन ठिकाणी ओळ आत घ्यायला सांगितलीय, एक शब्द दोनदा आला होता तो शेपटी काढून उडवलाय. सगळ्या खुणा बरोबर. सव्वीस वर्षं माझ्या शेजारी बसून शिकलेल्या. मंगळवारभोवती गोल काढलाय आणि पुढे काहीच लिहिलेलं नाही. "पूर्णविराम ऐकू येत नाही" यापाशी कागद जरा फुगलाय, पाणी पडून वाळल्यासारखा. "तिथेच राहा" ही अख्खी ओळ खोडलीय, दोनदा, रागानं. आणि तळाशी शेरा, "एकंदरीत सुधारणा आहे."

मी जिन्यात एकटा मोठ्यानं हसलो. वरच्या मजल्यावरचे दार उघडून बघायला लागले.

मग त्या शेऱ्याच्या वर नजर गेली. मी रेघ मारून खोडलेलं "तू परत ये". त्याच्याखाली ठिपके. एका अक्षराखालीही चुकवलेला नाही, ओळीनं, सावकाश दिलेले. समासात लिहिलंय, "तसंच ठेवा."

कागदाच्या पाठीवर तिच्या पेनानं दोन ओळी आहेत. "शुक्रवारी दुपारच्या गाडीनं येते. मशीन जड आहे, स्टेशनवर या."

८ एप्रिल

पुस्तकांचे गठ्ठे कोपऱ्यातून हलवले, जागा पुसून घेतली. उद्या अर्धा दिवस रजा टाकली. मालकांनी कारण विचारलं नाही, मीच होऊन सांगितलं. मशिनवाल्यापासून फाटकावरच्या माणसापर्यंत सगळ्यांना सांगितलं.

निघताना इंजिनीअरबाईंना म्हणालो, त्या गणिताच्या पुस्तकाचं प्रस्तावनेचं पान आणि हस्तलिखित मला घरी न्यायला द्या. पान कागदावर काढून.

"कशाला, काका? आपण पडद्यावर बघितलंय ना. त्यात एकही चूक नाही."

"माहीत आहे," मी म्हटलं. "चूक शोधायची नाही. वाचून घ्यायचंय."